पाऊण तासाचे गणित

मराठी शाळेत गणित शिकलेल्या प्रत्येकास काळ, काम आणि वेग ह्यांची उदाहरणे आठवत असतील. अंतरास वेगाने भागले की वेळ मिळतो, हा नियम आम्ही सर्वांनी पाठ केला आणि पुढे आयुष्यभर निःशंक मनाने वापरला. परंतु त्या पुस्तकातील आगगाडी फलाटावर आयती उभी असे. प्रवासी घरून निघाला केव्हा, स्थानकावर पोहोचला कसा आणि उतरल्यावर त्यास पुढे किती पायपीट करावी लागली, हे प्रश्न त्या उदाहरणात नव्हते. परीक्षेपुरते ते नसले तरी चालत होते. राज्यकारभारात मात्र ते विसरले की कोट्यवधी रुपयांचे उत्तर चुकते. अहिल्यानगर जिल्ह्यातील शिर्डी विमानतळाचा आजवरचा इतिहास ह्या दृष्टीने तपासण्यासारखा आहे, आणि तो तपासण्याची हीच वेळ आहे.

प्रथम अंतर म्हणजे काय ते पाहू. मुंबई आणि शिर्डी ही दोन गावे जागची हललेली नाहीत. तरीही त्यांच्यामधील अंतर एक नाही, तीन आहेत. मुंबईच्या विमानतळापासून शिर्डीच्या विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती सुमारे १७० किलोमीटर भरते. नाशिक-सिन्नरच्या जुन्या रस्त्याने हेच अंतर सुमारे २४० किलोमीटर होते. आणि आगगाडीने जावयाचे तर मनमाडला वळसा घालून सुमारे ३४० किलोमीटर कापावे लागतात, म्हणजे पाखराच्या वाटेच्या बरोबर दुप्पट! ह्यांपैकी प्रवाशाचे खरे अंतर कोणते? आमचे उत्तर असे की, ह्यांपैकी कोणतेच नव्हे. प्रवाशाचे अंतर घड्याळात मोजावयाचे असते, आणि ते त्याच्या घराच्या उंबरठ्यापासून मोजावयाचे असते.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती श्री. रामनाथ कोविंद ह्यांच्या हस्ते ह्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी मुंबईचे विमान सुटले. विमानतळास नाव शिर्डीचे असले तरी तो शिर्डीत नाही. तेथून सुमारे १४ किलोमीटरवर, कोपरगाव तालुक्यातील काकडी ह्या गावच्या माळावर तो उभा आहे. रस्त्याने पाच तासांची असलेली मुंबईची वाट आता पाऊण तासावर आली, असे त्यावेळी मोठ्या उत्साहाने सांगण्यात आले. सांगणारांनी असत्य सांगितले असे आम्ही म्हणत नाही. विमान खरोखरच पाऊण तासात पोहोचत होते. प्रश्न एवढाच होता की, विमानाबरोबर प्रवासीही पाऊण तासात पोहोचत होता काय?

ह्या पाऊण तासाची फोड करून पाहावी. लहान पल्ल्याच्या पंख्याच्या विमानाचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर धरला तर १७० किलोमीटरांस एकवीस मिनिटे पुरावीत. मग उरलेला वेळ जातो कोठे? तो धावपट्टीपर्यंत सरपटण्यात, उड्डाणाच्या रांगेत, उंची गाठण्यात आणि गाठलेली उंची लगेच सोडण्यात जातो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग करता येतो; तेथे पाच-दहा मिनिटे थांबणे हा अपवाद नसून रीतच आहे. म्हणजे पल्ला जितका आखूड, तितका विमानाचा वेग निरुपयोगी. रेसच्या घोड्यास अंगणातल्या अंगणात दौडविण्यासारखा हा प्रकार होय.

आता प्रवाशाचा हिशेब करू. दादरला राहणारा एखादा गृहस्थ घरून निघून विमानतळावर पोहोचण्यास एक तास धरतो. तेथे सामान, तपासणी आणि प्रतीक्षा ह्यांसाठी त्यास सव्वा तास आधी हजर राहावे लागते. पाऊण तास विमानात जातो. उतरून सामान घेण्यास अर्धा तास आणि काकडीहून शिर्डीस येण्यास आणखी अर्धा तास, ही बेरीज चार तासांची होते. ह्या चार तासांत आकाशातील वेळ एक पंचमांशाहूनही कमी. उद्या विज्ञानाने कमाल केली आणि विमानाची वेळ निम्म्यावर आणली, तरी ह्या गृहस्थाची वीस-बावीस मिनिटेच वाचतील. उलट काकडीचा रस्ता, तपासणीची रांग आणि मुंबईतील वाहतूक ह्यांत थोडी सुधारणा झाली तर एक तास सहज वाचेल. परंतु विमानाच्या वेगाची जाहिरात होते, आणि रांगेची लांबी कमी करणाराचे नाव कोणी कोनशिलेवर कोरीत नाही.

दरम्यान जमीनही स्वस्थ बसलेली नव्हती. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई ते साईनगर शिर्डी ही वंदे भारत गाडी धावू लागली आणि वळशाचे ३४० किलोमीटर सव्वापाच-साडेपाच तासांत पार होऊ लागले. त्याच्याही आधी, ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा खुला झाला होता. पुढे टप्प्याटप्प्याने तो पश्चिमेकडे सरकला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा भाग सुरू होऊन ७०१ किलोमीटरांची सारी वाट पुरी झाली. नागपूर आणि काकडी ह्यांच्या विमानतळांमधील सरळ रेषेतील अंतर ५१० किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि महामार्गाचा हा पहिला टप्पा ५२० किलोमीटरांचा. रस्त्याने आकाशातील रेघेची इतकी बरोबरी केल्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

ह्या महामार्गाने शिर्डीहून भिवंडीजवळील आमण्यापर्यंतचे १८१ किलोमीटर दोन तासांच्या आत संपतात. पुढे भिवंडी-ठाण्याच्या कोंडीतून दादर गाठण्यास दीड-दोन तास मोडतात ते वेगळे. एकूण वेळ साडेतीन ते चार तास, म्हणजे विमानाइतकाच! मुंबईची विमानसेवा २०१७ नंतर अखंड चालू राहू शकली नाही, ह्याचे आश्चर्य वाटण्याचे म्हणूनच कारण नाही. प्रवासी भाबडा असेल, पण त्यास बेरीज येते. मात्र रस्त्याचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता कामा नये. ह्याच महामार्गावर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जीव गेले. ताशी १२० किलोमीटरांची परवानगी म्हणजे तितक्या वेगाने वाहन हाकण्याचा हुकूम नव्हे. सुरक्षिततेच्या बाबतीत विमान आजही रस्त्याच्या कितीतरी पुढे आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

मग विमानतळ व्यर्थ गेला काय? मुळीच नाही, आणि असे म्हणणाऱ्या पंथात आम्हांस कोणी ढकलू नये. तेच गणित हैदराबादला लावून पाहा. काकडी ते हैदराबाद हे हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. २०१६ साली केंद्र सरकारने जी ‘उडान’ योजना आखली, तिच्यात तासाभराच्या उड्डाणाचे माप म्हणून साधारण एवढेच अंतर धरले आहे. विमानाची वेळ सव्वा ते दीड तास आणि घरापासून घरापर्यंतची सारी यातायात धरून साडेचार-पाच तास. आगगाडीने ह्याच प्रवासास रात्र जाते, आणि रस्त्याने सहाशेहून अधिक किलोमीटर कापता कापता माणसाचा बारा तासांत चुरा होतो. चेन्नईचे हवाई अंतर सुमारे ९६५ किलोमीटर, विमानाची वेळ दोन तासांच्या आतबाहेर. आगगाडीने तेथे पोहोचण्यास दिवस आणि रात्र दोन्ही खर्ची पडतात. दिल्लीचे अंतर हजार किलोमीटरांच्या थोडे पुढे. ह्या मार्गांवर विमान केवळ वेळ वाचवीत नाही, तर ज्या वृद्धांस आणि आजाऱ्यांस हा प्रवास एरवी झेपलाच नसता, त्यांस तो शक्य करून देते. आंध्र, तेलंगण आणि तामिळनाडू ह्या प्रांतांतील साईभक्तांची संख्या ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही सोय किती मोलाची हे सांगावयास नको.

ह्यावरून निघणारा नियम साधा आहे. दोनशे किलोमीटरांपर्यंत चांगला रस्ता किंवा चांगली आगगाडी विमानास भारी पडते. पाचशेच्या पुढे विमानाची खरी उपयुक्तता सुरू होते. हा नियम केवळ आमचा नाही. फ्रान्समध्ये मे २०२३ पासून असा कायदा अमलात आला की, जेथे आगगाडीने अडीच तासांच्या आत जाता येते अशा मार्गांवर विमान चालवू नये. त्यानुसार पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून लियाँ, नाँत आणि बोर्दो ह्या शहरांस जाणारी विमाने बंद झाली. तेथे हेतू मुख्यतः धूर कमी करण्याचा होता. आपल्याकडे असा कायदा करा असे आम्ही सुचवीत नाही. कारण त्यासाठी अडीच तासांत पोहोचविणारी आगगाडी आधी असावी लागते! पण पल्ला पाहून साधन निवडावे, हा त्यामागील विवेक घेण्यासारखा खचित आहे.

आतापर्यंत आम्ही जिल्ह्यात येणाऱ्या पाहुण्यांचा विचार केला. आता घरच्या माणसांकडे वळू. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. १७ हजार चौरस किलोमीटरांवर पसरलेले त्याचे १४ तालुके, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्यात ४५ लाखांहून अधिक लोक. विमानतळ आहे तो ह्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. कोपरगाव, राहाता, संगमनेर, श्रीरामपूर येथील लोकांस तो हाताशी आहे. पण जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले नगर शहर तेथून ८० ते ९० किलोमीटर दूर आहे, तर पुण्याचा लोहगाव विमानतळ नगरपासून ११० किलोमीटरांच्या आसपास. नगरच्या उद्योजकाने वीस-पंचवीस किलोमीटर वाचवावे, की जेथून देशातील बहुतेक मोठ्या शहरांस विमाने सुटतात त्या पुण्यास जावे? तो काय करतो हे नगरात कोणासही विचारावे. आणि नगरहून मुंबईस जाण्यासाठी आधी ऐंशी-नव्वद किलोमीटर उत्तरेस जाऊन मग पश्चिमेस उडणे, हे तर द्राविडी प्राणायामाचे उत्तम उदाहरण झाले असते.

जिल्ह्याच्या आग्नेयेस जामखेड तालुका आहे. जामखेड ते काकडी हे सरळ रेषेतील अंतरच सुमारे १४५ किलोमीटर भरते. रस्त्याचे त्याहून अधिक. मुंबईचे विमान जितके उडून काकडीस येते, जवळजवळ तितकेच अंतर जामखेडच्या रहिवाशास आपल्याच जिल्ह्यातील विमानतळ गाठण्यासाठी जमिनीवरून तुडवावे लागते. ज्या चौंडी गावी १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला, ते ह्याच जामखेड तालुक्यात आहे. २०२४ साली जिल्ह्यास त्यांचे नाव देण्यात आले. ह्या राणीने काशीपासून रामेश्वरापर्यंत यात्रेकरूंसाठी घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारली. वाटेवरच्या माणसास पाणी कोठे मिळेल, रात्र कोठे काढता येईल, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. प्रवासाचा विचार मुक्कामावरून नव्हे, तर वाटेवरून करावा, हा त्यांच्या कार्याचा अर्थ आम्ही समजतो. नाव घेतले आहे, तर तो अर्थही घ्यावा.

वाटेचा विषय निघाला की नगर-मनमाड रस्त्याचा विषय टाळता येत नाही. नगर शहर, राहुरी, राहाता, शिर्डी आणि कोपरगाव ह्यांना जोडणारा, जिल्ह्याच्या उत्तर भागाचा हा कणा. विमानतळास नगरशी जोडणारी वाटही मुख्यतः हीच. पण ह्या रस्त्याची दुरुस्ती आणि रुंदीकरण म्हणजे वर्षानुवर्षे चाललेले रडगाणे होऊन बसले आहे. ठेकेदार येतात, काम सुरू होते, ते थांबते, खड्डे वाढतात, अपघात होतात, आंदोलने होतात आणि पुन्हा नवी मुदत मिळते. तिकडे उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, इकडे भक्तांच्या मोटारी, मधून अवजड मालमोटारी, आणि त्यांच्यातून जीव मुठीत धरून जाणारा दुचाकीस्वार शेतकरी. हैदराबादेहून काकडीपर्यंतचे पाचशे किलोमीटर सव्वा तासात येतात. तेथून नगरपर्यंतच्या ऐंशी-नव्वद किलोमीटरांस त्याहून अधिक वेळ लागावा, ह्याला दिव्याखाली अंधार म्हणतात.

रेल्वेची कथा ह्याहून निराळी नाही. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. पण आजही नगरहून पुण्यास आगगाडीने जावयाचे तर दौंडास वळसा घालावा लागतो आणि १२० किलोमीटरांच्या रस्त्यास सुमारे १६० किलोमीटरांचा लोहमार्ग हा पर्याय उरतो. नगर-बीड-परळी ह्या मार्गास १९९५-९६ मध्ये मंजुरी मिळाली. त्यातील नगर ते आष्टी ह्या ६६ किलोमीटरांवर गाडी धावावयास २३ सप्टेंबर २०२२ उजाडावे लागले, आणि बीडकरांस ती दिसली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. ज्या काळात मुले जन्मून, शिकून, नोकरीस लागून स्वतः बाप झाली, त्या काळात सरकारने हे अंतर कापले. प्रवासाचा काळ मोजताना वाट पाहण्यात गेलेली ही वर्षेही हिशेबात धरावयास नकोत काय?

असे सर्वकाळ होते असेही नाही. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे-नगर ह्या मार्गावर. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात, पैशाची चणचण असताना, सामान्य माणसाच्या प्रवासाची सुरुवात राज्यकर्त्यांनी नगरच्या वाटेवर केली. तिच्या वेगाचे कोणी कौतुक केले नसेल; पण गावोगावच्या माणसाला ती आपली वाटली. आज ह्या जिल्ह्यात आकाशमार्गही आला आहे. तो एस.टी.चा शत्रू नव्हे. उलट एस.टी.वाचून तो पांगळा आहे.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी काकडी येथे नव्या प्रवासी इमारतीची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. तिचा खर्च ६४५ कोटी रुपयांहून अधिक सांगण्यात आला. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या २०२६-२७ च्या सिंहस्थाची गर्दी ह्या विमानतळावरही येणार, हेही उघड आहे. इमारत व्हावी, देखणी व्हावी, ह्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु नोव्हेंबर २०१९ मध्ये काय घडले, ह्याची आठवण अवश्य ठेवावी. दृश्यमानता कमी झाली, आणि अशा हवेत विमान उतरविण्याची साधने नसल्यामुळे येथील सारी विमाने कित्येक आठवडे बंद राहिली. वैमानिकास धावपट्टी दाखविणारी साधने नसताना प्रवाशांस संगमरवर दाखवून काय उपयोग? रात्री विमान उतरविण्याची सोय होण्यास त्यानंतरही काही वर्षे जावी लागली. आवश्यक ते आधी आणि आकर्षक ते नंतर, हा क्रम त्यावेळी पाळला गेला नाही. ह्यावेळी तो पाळला जावा.

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत, आणि त्यांत अशक्य असे काही नाही. पहिली, नव्या इमारतीची फीत कापण्यापूर्वी नगर-मनमाड रस्ता पुरा व्हावा. तोपर्यंत कात्री म्यानात राहिली तरी चालेल. दुसरी, प्रत्येक विमानाच्या वेळेशी जुळणारी एस.टी.ची बस काकडीहून नगर, संगमनेर आणि श्रीरामपूर ह्या ठिकाणी सुटावी. विमान उशिरा आले तर तिने थांबावे. काकडीपासून पुढे चौपट भाड्याची मोटार करावी लागत असेल, तर स्वस्त विमान तिकिटाचा आनंद दारातच मावळतो. तिसरी, राहात्याचे पेरू, संगमनेरचे डाळिंब आणि गावोगावचा भाजीपाला दूरच्या बाजारांत वेळेवर पोहोचेल अशी मालवाहतुकीची व्यवस्था विमानतळावर असावी. ज्या काकडीकरांनी जमीन दिली आणि ज्या शेजाऱ्यांनी धुरळा सोसला, त्यांच्या मालासही आकाशाचा थोडा उपयोग होऊ द्यावा. चौथी, पुणे-नगर सरळ लोहमार्गाची जुनी मागणी सरकारने आश्वासनाच्या यादीतून काढून अंदाजपत्रकाच्या यादीत घालावी. दक्षिण नगरच्या तालुक्यांस काकडीचा विमानतळ जवळ आणता येणार नाही. पुणे मात्र जवळ आणता येईल.

ह्या मागण्यांत भव्यता नाही हे आम्हांस ठाऊक आहे. रस्ता पुरा करणे, बस वेळेवर सोडणे, शेतमालासाठी थंड खोली बांधणे ह्यांची छायाचित्रे चांगली येत नाहीत. पण जामखेडचा रुग्ण पुण्याच्या इस्पितळात वेळेत पोहोचतो की नाही, राहुरीचा विद्यार्थी परीक्षेस जाताना रस्त्यातच गमावला जातो की घरी परततो, ह्याचा निकाल ह्याच गोष्टींवर लागतो. विमान किती मिनिटांत पोहोचते, हे वेळापत्रकात छापलेले असते. माणूस किती वेळात पोहोचतो, हे कोणी छापीत नाही. ते छापावयास लागावे, आणि छापताना लाज वाटू नये अशी स्थिती यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. आकाशातील पाऊण तास सरकारने जनतेला दिला. जमिनीवरील उरलेल्या सव्वातीन तासांचा हिशेब अद्याप द्यावयाचा आहे.